पत्र, पात्र आणि पाव

शहापूर तालुक्यांतील एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या नातीचें वय नऊ वर्षांचें. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं तिला गहूं आजन्म वर्ज्य करावयास सांगितला. घरीं भाताचा मुलूख असल्यामुळें फारसें अडलें नाहीं; अडलें तें शाळेंत. मधल्या सुटींत साऱ्या मैत्रिणी डबे उघडून बसतात. कोणाच्या डब्यांत पोळी, कोणाच्या डब्यांत सँडविच. एकमेकींस घास देणें ही तर त्या वयाची रीतच. हिला कोणाचें कांहीं घेतां येत नाहीं, म्हणून ती हळूहळू बाजूस जाऊन बसूं लागली आहे. आजीबाई पुढें लिहितात कीं, परदेशीं म्हणे पावाऐवजीं लेट्यूसच्या पानांत सारण गुंडाळून सँडविच करतात. तें काय आहे, आपल्या घरीं कसें करावें, आणि तें खाऊन मुलीचें पोट भरेल काय, हें या सदरांतून सांगावें.

पाकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आयुष्यभर आम्हीं मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेतलीं. चुलीचा कारभार घरांत ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहिला. तथापि हें पत्र मुलीच्या जेवणाचें आहे, आणि जेवणाहूनहि अधिक तें तिच्या बसण्याच्या जागेचें आहे. म्हणून तें टाळणें आम्हांस प्रशस्त वाटेना. आमच्या सौभाग्यवतींनीं मुरबाडास आमच्या घरीं तीन आठवडे पानांचे प्रयोग केले. चव घेणें व टिपण ठेवणें एवढें काम आमच्याकडे होतें. त्यांतून जें ठरलें तें येथें देत आहों.

प्रथम दुखण्याविषयीं दोन शब्द. गव्हांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणीक मळली असतां तिला जो चिवटपणा येतो तो याच प्रथिनामुळें. पाव फुगतो तोहि यामुळेंच. पीठ आंबतांना जो वायु उत्पन्न होतो तो हें प्रथिन आपल्या जाळ्यांत धरून ठेवतें. जव व राय या धान्यांतहि याचे सोयरे असतात. सीलिॲक नांवाच्या विकारांत या प्रथिनामुळें शरीराची संरक्षणशक्ति स्वतःच्याच लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते. मग अन्नरस शोषला जात नाहीं. मूल खातें, पण तें त्याच्या अंगीं लागत नाहीं. या विकारावर गहूं, जव व राय आजन्म वर्ज्य करणें हाच उपाय आहे.

गव्हाचा हा गुण उघडकीस कसा आला, ती हकीकत मनन करण्यासारखी आहे. हॉलंड देशांत विलेम डिके नांवाचे एक बालवैद्य होते. पाव बंद केला असतां कांहीं रोगी मुलें सुधारतात, असा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वींच आला होता. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत त्या देशाच्या पश्चिम भागांत भयंकर दुष्काळ पडला. लोकांनीं ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पाव दिसेनासा झाला. आणि सारा देश उपासमारीनें खंगत असतां, हीं मुलें मात्र सुधारूं लागलीं! युद्ध संपून पाव पुन्हां मिळूं लागतांच त्यांचें दुखणें उलटलें. डिके यांनीं आपला प्रबंध १९५० सालीं प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून या मुलांस खरें पथ्य मिळालें.

येथें एक सूचना अवश्य दिली पाहिजे. हल्लीं कोणाचेंहि पोट दुखलें कीं ‘गहूं सोडा’ असा उपदेश करणारे फार झाले आहेत. ज्यास संशय असेल त्यानें आधीं वैद्यकीय परीक्षा करावी आणि मग गहूं सोडावा. गहूं अगोदरच सोडला तर रक्तपरीक्षेंत विकार असूनहि तो दिसत नाहीं, आणि निदान चुकतें.

आतां पावाविषयीं. पायांनीं मळतात म्हणून पाव, अशी एक व्युत्पत्ति लोकांत रूढ आहे. ती खरी नव्हे. हा शब्द पोर्तुगीज आहे. त्या भाषेंत या पदार्थास पांव असाच उच्चार करतात. वसई व गोवें यांच्या बाजूनें हा पदार्थ आमच्या किनाऱ्यावर उतरला, आणि येतांना परधर्माची छाया घेऊन आला. म्हणून आमच्या समाजानें त्यास उंबऱ्याबाहेर ठेवलें. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली, तेव्हां सभासद होऊं इच्छिणारास जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. या सभेचे एक धुरीण दादोबा पांडुरंग. ज्यांचें मराठीचें व्याकरण शाळाशाळांतून चाललें, तेच हे गृहस्थ. सभेचा कारभार गुप्तपणें चाले. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें फुटलीं, आणि सभा मोडली. पुढें १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं, त्यांत रानडे व टिळक हेहि होते. तेवढ्यावरून ग्रामण्य झालें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें.

त्या काळीं जो पाव खाई तो पंक्तीबाहेर जाई. आज जी मुलगी पाव खाऊं शकत नाहीं ती पंक्तीबाहेर बसते. कारण पार उलटें झालें. बाजूला बसणाराचें दुःख मात्र तेंच राहिलें. म्हणून या पत्राचें उत्तर केवळ कृति लिहून पुरें होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्या प्रश्नाकडे आम्ही शेवटीं येऊं.

पानांत गुंडाळून खाण्याची कल्पना परदेशीय समजण्याचें कारण नाहीं. संस्कृतांत ‘पत्र’ हा शब्द पत् म्हणजे पडणें किंवा उडणें या धातूपासून आला, आणि ‘पात्र’ हा शब्द पा म्हणजे पिणें या धातूपासून. व्याकरणांत या दोहोंचें नातें नाहीं. पण आमच्या स्वयंपाकघरानें तें जोडून दिलें आहे. पत्रावळ आणि द्रोण हीं पत्रेंहि आहेत आणि पात्रेंहि आहेत. ठाणें जिल्ह्यांतील पानगी घ्या, नागपंचमीचे हळदीच्या पानांतले पातोळे घ्या. त्यांत पान हें भांड्याचें काम करतें, वास देतें आणि शेवटीं बाजूस होतें. अळूवडींत पान स्वतःच अन्न होतें. आणि विडा? कच्चें पान, त्याला चुन्याचें बोट, आंत सारण, मग बेतानें घातलेली घडी, आणि ती सुटूं नये म्हणून वर टोंचलेली लवंग. इंग्लंडांतील सँडविचचे चवथे अर्ल जॉन माँटेग्यू यांचें नांव अठराव्या शतकांत ज्या पदार्थास मिळालें, त्याची पावाविण आवृत्ति आमच्या तबकांत त्यापूर्वीं किती तरी शतकें होती.

इतर देशांतहि ही चाल आहे. कोरिया देशांत लेट्यूसच्या पानावर भाताचा लहान घास ठेवून, त्यास सोयाबीनच्या आंबवलेल्या चटणीचें बोट लावून, पुरचुंडी करून ती एका घासांत खातात. तीस ते ‘स्साम’ म्हणतात. सयाम म्हणजे थायलंड येथें विड्याच्या पानाच्या जातीच्या एका पानांत खोबरें, शेंगदाणे, आलें व लिंबाच्या फोडी घालून खातात. तुर्कस्तानाकडे द्राक्षाच्या पानांत भात भरतात. सारांश, निरनिराळ्या मुलुखांत माणसानें झाडाकडे हात केला आहे. आमचे मुरबाड व शहापूर हे तालुकेहि भात, नाचणी व वरी यांचेच. गव्हाची पोळी येथें मागून आलेली पाहुणी आहे.

परंतु पान म्हटलें कीं कोणतेंहि चालेल, असें नाहीं. अळूच्या कच्च्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाला टोंचतात, म्हणून चिंचेच्या कोळासह तें पान पुरें शिजवावें लागतें. पावसाच्या तोंडावर आमच्या बाजारांत येणारी शेवळें अशींच खाजरीं. त्यांच्याबरोबर काकडाचीं आंबट फळें विकावयास ठेवलेलीं असतात, तीं उगाच नव्हेत. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या सर्व भाज्या शिजवून खाण्याच्या. हें ज्ञान ज्यांच्यापाशीं आहे त्या ठाकूर व कातकरी स्त्रिया पहांटे रान तुडवून बाजारांत येतात व रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांना भावासाठीं घासाघीस करून पिडण्यापेक्षां, कोणतें पान कशासह शिजवावें हें त्यांना विचारावें. त्या आनंदानें सांगतात. पण रानांतलें पान कच्चें मात्र कोणीं मुलांस देऊं नये.

कच्चें गुंडाळण्यास योग्य असें मुख्य पान लेट्यूसचें. लॅटिन भाषेंत या वनस्पतीस ‘लाक्टुका’ म्हणतात. ‘लाक’ म्हणजे दूध. देंठ मोडला असतां दुधासारखा चीक येतो, त्यावरून हें नांव. युनानी वैद्यकांतील ‘काहू’ तो हाच. आपल्याकडील पाथरीची भाजी याच्याच कुळांतली. तिचाहि चीक पांढरा. लेट्यूस कल्याणच्या बाजारांत मिळतो, पण तेथून मुरबाडास येईपर्यंत उन्हानें मान टाकतो. म्हणून परसांत किंवा कुंडींत लावणें बरें. हें थंडीचें पीक आहे. कार्तिकापासून पेरावें, बीं अगदीं वरवर टाकावें, मातीचा थर केवळ नांवाला असावा, कारण उगवण्यास त्याला उजेड लागतो. दीड-दोन महिन्यांत पानें काढण्याजोगीं होतात. बाहेरचीं पानें खुडीत गेलें तर एकच रोप कित्येक दिवस पुरतें. फाल्गुन लागून ऊन तापलें कीं रोप तुऱ्यावर येतें व पान कडू होतें. मग तें काढून टाकावें.

धुण्याच्या बाबतींत आळस करूं नये. हें पान शिजत नाहीं, म्हणून विस्तव आपलें काम करीत नाहीं. तें काम हातांनीं करावें लागतें. विषमज्वर, कावीळ आणि जंत हीं तिन्हीं कच्च्या पाल्याबरोबर घरांत येऊं शकतात. गड्डा मोडून एकेक पान सुटें करावें, वाहत्या पाण्याखालीं दोन्हीं बाजूंनीं चोळून धुवावें, आणि शेवटचें पाणी उकळून निवविलेलें असावें. मग स्वच्छ पंचावर पसरून कोरडें करावें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कच्चें पान मुळींच वापरूं नये. त्या दिवसांत कोबीचीं मोठीं पानें अखंड सोडवून, उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें बुडवून काढावींत. तीं मऊ होतात, वळतात आणि निर्धोक असतात. परसांत मयाळूचा वेल असेल तर त्याचीं मोठीं पानेंहि अशींच उकळत्या पाण्यांतून काढून चालतात. आमच्याकडच्या पावसांत तो वेल माजतो.

आतां मुख्य मुद्दा. सँडविचमध्यें पाव तीन कामें करतो: सारण धरून ठेवतो, सारणाचा ओलावा पितो, आणि पोट भरतो. पान यांतलें पहिलें काम तेवढें करतें. लेट्यूसमध्यें शेंकडा ९५ भाग पाणीच असतें. १०० ग्रॅम पाल्यांत सुमारें १५ कॅलरी, म्हणजे एका गुंडाळींत जीं दोन पानें लागतात त्यांत पांचांच्या आंतच. उलट पावाच्या दोन कापांत सुमारें १५० कॅलरी असतात. यावरून दोन नियम निघतात. पहिला, सारण कोरडें असावें. दुसरा, पोसण्याचें सारें काम सारणाकडे द्यावें. हे दोन नियम ज्यांनीं पाळले नाहींत त्यांच्या हातांत पाण्यानें गळणारी पुरचुंडी येते, आणि तासाभरानें मुलाला पुन्हां भूक लागते.

आमच्या घरीं उतरलेलें उत्तम सारण असें: मूठभर, म्हणजे कोरडे २५ ग्रॅम मूग मोड आणून घ्यावे, जिऱ्यांची फोडणी देऊन, झांकण ठेवून वाफेवर शिजवावे, आणि पाणी पुरें आटूं द्यावें. उतरल्यावर १५ ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचें जाडसर कूट, चमचाभर ओलें खोबरें, कोथिंबीर, मीठ व लिंबू घालावें. काकडी घालावयाची तर बिया काढून, बारीक काड्या करून, अगदीं शेवटीं. एवढ्या मुगांत सुमारें सहा ग्रॅम व दाण्यांत सुमारें चार ग्रॅम प्रथिन येतें. नऊ वर्षांच्या मुलीच्या एका वेळच्या डब्यास हें वाईट नाहीं. दुसरें सारण उकडलेल्या बटाट्याच्या कोरड्या भाजीचें, त्यांत हिरवे वाटाणे घालून. तिसरें, कापडांत टांगून पाणी गाळलेल्या दह्याच्या चक्क्याचें. त्यांत मिरपूड, मीठ आणि किसून पिळलेलें गाजर घालावें. हें घरीं ताजें खाण्यास फार रुचकर आहे, पण उन्हाळ्यांत डब्यांतून पाठवूं नये.

गुंडाळण्याची रीत विड्याचीच आहे. दोन पानें एकावर एक अशीं ठेवावींत कीं एकाचा देंठ दुसऱ्याच्या टोंकाकडे येईल. मधली जाड शीर लाटण्यानें हलकेंच दाबून मोडावी, म्हणजे घडी फुटत नाहीं. वर हिरवी किंवा दाण्याची कोरडी चटणी पसरावी. ही सारणास चिकटपणा देते. खालच्या तिसऱ्या भागांत सारणाची आडवी वळी ठेवावी, दोन्हीं कडा आंत घ्याव्यात आणि खालून वर घट्ट वळत जावें. बांधावयास कांद्याच्या पातीचा धागा गरम पाण्यांतून काढून घ्यावा. मुलांच्या खाण्यांत काडी किंवा लवंग टोंचूं नये.

डब्याची युक्ति निराळी आहे. मीठ पानांतलें पाणी ओढून घेतें, म्हणून सकाळीं भरलेली गुंडाळी दुपारीं लिबलिबीत होते. यासाठीं पानें ओलसर फडक्यांत एका कप्प्यांत आणि सारण दुसऱ्या कप्प्यांत द्यावें. मुलीनें हात धुवून जागेवर आपली गुंडाळी आपण करावी. हा खेळ मुलांस आवडतो. भूक भागण्यासाठीं सोबत तांदळाची किंवा नाचणीची भाकरी हवीच. ५० ग्रॅम तांदळाच्या पिठाची भाकरी सुमारें १८० कॅलरी देते. पान हें पावाची जागा घेईल, भाकरीची घेणार नाहीं.

बाराहि महिने चालणारा तोडगा मात्र आपल्या पानगीचाच. तांदळाचें पीठ दह्यांत किंवा दुधांत सैलसर कालवून, मीठ व जिरें घालून, केळीच्या पानाच्या तुकड्यावर थापावें, वर दुसरा तुकडा ठेवून तव्यावर दोन्हीं बाजूंनीं भाजावें. पान करपत आलें कीं पानगी सुटते. अशा दोन पातळ पानग्यांच्या मध्यें चटणी व बटाट्याची भाजी घातली कीं गव्हाविण सँडविच झालें, आणि तें ओलावाहि पितें व पोटहि भरतें. थंडींत लेट्यूस, पावसांत कोबी, आणि एरव्हीं पानगी, असा क्रम आजीबाईंनीं धरावा.

गहूं उघडपणें येतो त्याहून छपून अधिक येतो. याविषयीं सावध असावें. बाजारच्या खड्याच्या व पुडीच्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. म्हणूनच वरील फोडणींत आम्हीं हिंग सांगितला नाहीं. घरोघरच्या मेतकुटांत बहुधा थोडे गहूं भाजून घातलेले असतात. थालिपिठाच्या भाजणींतहि ते असतात, आणि सातूच्या पिठांतहि. गिरणींत गव्हामागून तांदूळ दळले तर पहिल्या पिठांत गव्हाचा अंश उतरतो; तांदूळ घरच्या जात्यावर किंवा घरगुती चक्कीवर निराळे दळावे. मुलीसाठीं पोळपाट-लाटणें, चाळणी व तवा निराळीं ठेवावींत. ही सोंवळ्याची नवी तऱ्हा झाली. मात्र तिच्यांत कोणाचा अपमान नाहीं, एका लेंकराच्या आंतड्याचें रक्षण आहे.

आणखी एक गोष्ट आजीबाईंनीं पत्राच्या शेवटीं भीत भीत लिहिली आहे. घरीं सत्यनारायणाची पूजा असते, प्रसाद रव्याचा. मुलीनें तो घेतला तर दुखणें, न घेतला तर प्रसादाचा अव्हेर. मागच्या खेपेस तिनें बोटभर घेतला, आणि तिला त्रास झाला. या बाबतींत मात्र आम्ही आमच्या प्रांतांत आहों, म्हणून निःशंकपणें सांगतों. सत्यनारायणाच्या पोथींत नैवेद्याचे पदार्थ सांगतांना गव्हाचा रवा सांगितला आहे खरा. पण तेथेंच, गहूं नसेल तर तांदळाचें पीठ घ्यावें, असा विकल्पहि दिला आहे. कथा लिहिणाराला जी सोय दिसली ती आम्हां भाविकांस दिसूं नये, हें नवल! ज्या घरीं गहूं हा एका लेंकराला विषासारखा आहे, त्या घरीं तो नाहींच असें समजावें, आणि तांदळाच्या पिठाचा शिरा करावा. तोहि तिला निराळ्या वाटींत नव्हे. साऱ्या घराला व आलेल्या पाहुण्यांना तोच.

कारण खरा प्रश्न येथें आहे. पथ्याचें ताट वेगळें वाढलें कीं मुलाला आपण वेगळें झालों असें वाटतें. आणि नऊ वर्षांच्या जीवाला हें वाटणें कधीं कधीं दुखण्याहून जड जातें. पंक्तिभेद आमच्या समाजानें पुष्कळ केला. ज्यांनीं आणलेल्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी करून आम्ही पंक्ति मांडल्या, त्यांनाच त्या पंक्तींत बसूं दिलें नाहीं. ती संवय आतां पुष्कळशी सुटली असें आम्ही म्हणतों. ती सुटली कीं नाहीं हें पाहण्याची ही एक लहानशी, घरांतली परीक्षा आहे. सबब पहिली गोष्ट आजीबाईंनीं ही करावी कीं, आठवड्यांतून एक दिवस ठरवून सारें घर पानांतलें जेवण जेवेल, आजोबांसुद्धां. दुसरी, शाळेच्या डब्यांत पानें व सारण चौघींना पुरेल इतकें द्यावें. तिला मैत्रिणींचें घेतां येत नाहीं, हें खरें. पण मैत्रिणींना तिचें घेतां येतें. ज्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं असतें तो फार दिवस बाजूला बसत नाहीं. तिसरी, वर्गाच्या बाईंना एकदां भेटून दुखणें समजावून सांगावें, म्हणजे कोणी प्रेमानें बिस्किट पुढें केलें तर त्या वेळीं तिची बाजू घेणारें माणूस जवळ असेल.

हें करीत असतां ज्या अडचणी येतील त्या आम्हांस अवश्य कळवाव्यात. इतर भगिनींपैकीं कोणापाशीं गव्हाविण मेतकुटाची व भाजणीची चांगली कृति असेल तर तीहि प्रमाणांसह लिहून पाठवावी. पुढील अंकांत ती आम्ही देऊं. थंडी तोंडावर आली आहे. लेट्यूसचें बीं याच पंधरवड्यांत पडलें तर संक्रांतीच्या सुमारास त्या मुलीच्या डब्यांत तिच्याच परसांतलीं पानें असतील.